पार्टीसाठी पालक डिप: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

माझं पहिलं पालक डिप तासाभरात फसलं. टेबलावर ठेवलं तेव्हा दिसायला झकास होतं, चवही बरी होती. पण पाहुणे जमून गप्पांना रंग चढेपर्यंत बाऊलच्या कडेने हिरवट पाण्याची रेघ दिसायला लागली. थोड्या वेळाने मधे ढीग आणि भोवती खंदक असा देखावा झाला. कुणी काही बोललं नाही, पण चिप्स सगळ्या कोरड्याच संपल्या.

पाककृती चांगलीच होती, घोळ माझा होता. पालक उकळत्या पाण्यातून काढला, चाळणीत निथळत ठेवला, वरून चमच्याने जरा दाबला आणि झालं असं समजून क्रीममध्ये टाकला. पालकाच्या पानात वजनाच्या नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. ते बाहेर काढणं हेच या पदार्थातलं खरं काम, बाकीचं नुसतं कालवणं. त्यामुळे हा लेख जरा एकांगी वाटेल. पिळण्यावर भरपूर लिहिलंय आणि मसाल्यावर दोन-चार ओळी.

थंड की गरम?

पालक डिप दोन प्रकारे करतात. थंड डिपमध्ये पालक सावर क्रीम (आंबवलेलं घट्ट क्रीम) किंवा घट्ट दही आणि मेयोनीजमध्ये कालवून फ्रीजमध्ये मुरवत ठेवतात. गरम डिपमध्ये क्रीम चीज आणि किसलेलं चीज घालून ओव्हनमध्ये वरचा थर सोनेरी होईपर्यंत भाजतात. त्यात बहुतेक वेळा आर्टिचोकही असतो, म्हणजे भाजीसारखी खातात ती एक न उमललेली कळी. गरम डिप खायला जास्त मोहात पाडणारं, हे मान्य. पण पहिल्यांदा करताय तर थंडच करा. ते आदल्या दिवशीच करायचं असतं आणि रात्रभर राहून उलट चांगलं लागतं. पार्टीच्या संध्याकाळी दाराची घंटा वाजत असताना ओव्हनमध्ये डोकावत बसावं लागत नाही. आधी थंड डिप सांगतो, गरम डिपचं नंतर.

टेबलावर खायला आणखी काही असेल तर माणशी ५० ते ६० ग्रॅम डिप पुरतं, म्हणजे तीन-चार मोठे चमचे. खालचं प्रमाण १० ते १२ जणांचं आहे.

- निवडलेली पालकाची पानं, जाड देठ काढून: ५०० ग्रॅम
- सावर क्रीम किंवा चक्का (पाणी काढलेलं घट्ट दही): २५० ग्रॅम
- मेयोनीज: अर्धा कप
- कांद्याची पात, बारीक चिरून: ३-४ काड्या
- लसूण: १ मोठी पाकळी
- मीठ: अर्धा छोटा चमचा, बाकीचं नंतर चव बघून
- मिरपूड: अर्धा छोटा चमचा
- जायफळ: चिमूटभर, किसून
- एका लिंबाची किसलेली साल आणि शेवटी थोडा रस
- कुरकुरीतपणासाठी लाल सिमला मिरची अर्धी, किंवा डब्यातले वॉटर चेस्टनट

शेवटच्या नावावर एक खुलासा. वॉटर चेस्टनट म्हणजे शिंगाडा असं समजून बरेच जण शिंगाडे घेऊन येतात. इंग्रजीत दोघांनाही तेच नाव चालतं, त्यामुळे हा गोंधळ होतो. डिपमध्ये घालतात तो मात्र एका पाणगवतासारख्या वनस्पतीचा गोल कंद असतो. शिजवल्यावरही तो कचकचीत राहतो, त्यासाठीच तर घालायचा. नाही मिळाला तर सिमला मिरची घाला, डिपचं काही बिघडत नाही.

चक्का घरी करणार असाल तर ५०० ते ६०० ग्रॅम दही स्वच्छ सुती कापडात बांधून चाळणीत ठेवा आणि ते फ्रीजमध्ये रात्रभर निथळू द्या. दही किती घट्ट आहे त्यावर निम्म्याच्या आसपास चक्का मिळतो. साय असलेल्या दुधाचं दही घ्या. फॅट काढलेल्या दह्याचा चक्का खरखरीत लागतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी सोडतो.

पहिली पायरी: धुणं

पालकात माती असते आणि डिपमध्ये एक कण जरी दाताखाली आला तरी माणूस पुन्हा त्या बाऊलकडे वळत नाही. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घ्या, पानं त्यात सोडून हाताने हलवा आणि दोन मिनिटं तशीच राहू द्या. माती तळाला बसते. मग पानं वरून उचलून दुसऱ्या भांड्यात घ्या. पातेलं चाळणीवर उपडं करायचा मोह आवरा, कारण तसं केलं की तळाची माती परत पानांवरच येते. पाणी बदलून हेच तीनदा, किंवा तळाशी काही दिसेनासं होईपर्यंत.

दुसरी पायरी: उकळत्या पाण्यातून काढणं

मोठ्या पातेल्यात पाणी खळखळ उकळा आणि मूठभर मीठ टाका. शेजारी बर्फाच्या पाण्याचं भांडं तयार ठेवा. ते आधीच हवं, कारण पालक शिजायला वेळ लागत नाही. पानं दोन-तीन हप्त्यांत सोडा, झाऱ्याने खाली दाबा, ४५ सेकंद ते एक मिनिट. पानं मलूल होऊन रंग एकदम गडद हिरवा झाला की लगेच काढून बर्फाच्या पाण्यात टाका.

झाकण ठेवू नका. उष्णता आणि आम्ल एकत्र आले की हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं आणि हिरवा रंग मेंदीसारखा मळकट होतो. पानं शिजताना त्यातली आम्लं वाफेबरोबर उडत असतात. झाकण ठेवलं की ती परत पाण्यात पडतात. हे उकळलेलं पाणी सूपबिपात वापरू नका, टाकून द्या. पालक खाल्ल्यावर दात घासल्यासारखे कोरडे वाटतात ते त्यातल्या ऑक्झॅलिक आम्लामुळे. त्यातलं बरंचसं या पाण्यात उतरलेलं असतं.

त्याच उकळत्या पाण्यात लसणाची पाकळी सालासकट मिनिटभर टाकून काढा. कच्चा लसूण डिपमध्ये रात्रभर राहिला की तिखट होत जातो. संध्याकाळी चाखताना छान वाटलेलं डिप सकाळी नुसता लसूणच लागतं. मिनिटभराच्या उकळीने त्याची धार जाते, वास राहतो.

गोठवलेला चिरलेला पालक वापरलात तर ही पायरी बरीचशी टळते, कारण तो गोठवण्याआधीच उकळत्या पाण्यातून काढलेला असतो. पाकिटावर शिजवूनच खा असं लिहिलं असेल तर वाफ येईपर्यंत गरम करून गार करा. नाही तर चाळणीत घालून, खाली भांडं ठेवून रात्रभर फ्रीजमध्ये वितळू द्या. ३०० ग्रॅमच्या आसपासचं पाकीट ५०० ग्रॅम ताज्या पालकाच्या जागी चालतं. खरं सांगू का, डिपसाठी मला गोठवलेला ताज्याइतकाच पसंत आहे. सॅलडमध्ये तो चालणार नाही, पण इथे त्याला कोण ओळखणार?

तिसरी पायरी: पिळणं

पालक पूर्ण गार झाला की आधी नुसत्या हातांनी पिळा. दोन्ही तळव्यांत मावेल एवढाच घ्या आणि बोटं एकमेकांत अडकवून दाबा. घळाघळा पाणी येईल. धार थांबली, थेंब पडायला लागले की माणसाला वाटतं झालं. इथेच मी फसलो होतो.

आता हे गोळे मोकळे करून एका जाड, स्वच्छ सुती फडक्यात पसरा. टर्किश टॉवेल नको, त्याचे धागे पालकाला चिकटतात. पांढरं लाडकं फडकंही नको, हिरवा डाग जाता जात नाही. फडक्याची चारी टोकं एकत्र करून पुरचुंडी करा, एका हाताने मान धरा आणि दुसऱ्या हाताने खालचा गोळा एकाच दिशेने फिरवत पीळ घट्ट करत न्या. पाणी पुन्हा सुरू होईल, आणि या वेळी ते फिकं न येता गडद हिरवं येईल. पीळ सोडा, पालक आतल्या आत मोकळा करा, पुन्हा गोळा करा, पुन्हा पिळा. असं निदान तीनदा. मनगटं दुखायला लागली की घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी हातात पुरचुंडी द्या. ताज्या हातांनी पिळलं की हमखास आणखी दोन चमचे पाणी निघतं.

झालं की नाही हे कसं कळणार? पालकाचा लहानसा गोळा कागदी नॅपकिनवर ठेवून अंगठ्याने जोरात दाबा. नॅपकिनवर नुसता ओलसर ठसा उमटला तर ठीक. डाग गोळ्याच्या बाहेर पसरत गेला तर अजून पिळायचाय. शेवटी ५०० ग्रॅम पानांचा टेनिसच्या चेंडूपेक्षा थोडा मोठा, गच्च गोळा उरतो. पहिल्यांदा बघताना वाटतं, एवढाच? हो, एवढाच.

चौथी पायरी: चिरणं

हा गोळा पाटावर ठेवून आधी आडवा आणि मग उभा, असा अगदी बारीक चिरा. गोठवलेला पालक चिरलेला असला तरी त्यावरून एकदा सुरी फिरवाच. लांब तंतू राहिले तर चिप बाऊलमधून वर येताना मागे पालकाची दोरी लोंबते. ती पाहुण्याच्या हनुवटीला लागते, आणि बोलताबोलता ती तोडायची कशी हे त्या बिचाऱ्याला कळत नाही.

मिक्सरमध्ये फिरवू नका. सगळी पेशी न् पेशी फुटून उरलंसुरलं पाणी बाहेर येतं आणि डिपची हिरवी चटणी होते. पांढऱ्या क्रीममध्ये हिरवे ठिपके दिसले पाहिजेत. चिरल्यावर पालक बोटांनी फणी फिरवल्यासारखा मोकळा करून ठेवा.

पाचवी पायरी: कालवणं

आधी चक्का किंवा सावर क्रीम, मेयोनीज, बारीक वाटलेला लसूण, मीठ, मिरपूड, जायफळ आणि लिंबाची साल हे सगळं एकजीव फेटून घ्या. मग मोकळा केलेला पालक चिमटीचिमटीने भुरभुरत घाला आणि चमच्याने खालून वर असं कालवा. पालक गोळ्यानेच टाकलात तर त्याच्या गाठी तशाच राहतात आणि एका चिपवर नुसता पालक, दुसरीवर नुसतं क्रीम असा प्रकार होतो. शेवटी कांद्याची पात आणि सिमला मिरची. मिरची चिरल्यावर नॅपकिनवर पसरून कोरडी करा. डब्यातले कंद घेतले असतील तर तेही निथळून, पुसून घ्या. पाणी मागच्या दाराने परत येऊ द्यायचं नाही. याच कारणाने डिपमध्ये काकडी किंवा टोमॅटो घालू नका. मीठ त्यांच्यातलं पाणी रात्रभर ओढून काढतं.

लिंबाचा रस आत्ता घालायचा नाही. आम्लाने हिरवा रंग हळूहळू मरतो, म्हणून रात्री साल आणि वाढण्याआधी एक चमचा रस. चक्क्यात स्वतःचं आम्ल असतंच, त्यामुळे दुसऱ्या दिवशी रंग थोडा उतरतो. तेवढं चालायचंच.

अमेरिकेत घरोघरी हे डिप कोरड्या सूपच्या पाकिटातला मसाला कालवून करतात. तोही सोपा मार्ग आहे. मात्र मग वरून मीठ अजिबात घालू नका, त्या पाकिटात भरपूर असतं. आणि मुरायला निदान चार तास द्या, कारण त्यातला सुकवलेला कांदा आणि भाज्या भिजून मऊ व्हायला वेळ लागतो. घाई केली तर दाताखाली कडक कण येतात.

आता घट्ट झाकण लावून फ्रीजमध्ये, शक्यतो रात्रभर. आत्ता चाखून चव कमी वाटली तरी मसाल्याचा मारा करू नका. कालवल्या-कालवल्या प्रत्येक गोष्ट सुटी लागते. दुसऱ्या दिवशी फ्रीजमधून काढून थंडच चाखा आणि मगच मीठ ठरवा. थंड पदार्थात मीठ कमी जाणवतं, आणि पाहुणे ते थंडच खाणार आहेत.

दाटपणा बघायला चमचा डिपमध्ये उभा रोवा. क्षणभर उभा राहून सावकाश कलला तर बरोबर. धाडकन पडला तर पातळ आहे, दोन मोठे चमचे फेटलेलं क्रीम चीज घाला. हललाच नाही तर चिप्स मोडतील, चमचाभर दूध घालून सैल करा.

गरम डिप करायचं असेल तर

धुणं, उकळणं, पिळणं, चिरणं सगळं वरच्यासारखंच. त्या पालकात २०० ग्रॅम क्रीम चीज, १०० ग्रॅम सावर क्रीम, पाव कप मेयोनीज, १५० ग्रॅम निथळून पिळलेले डब्यातले आर्टिचोक बारीक चिरून, ८० ग्रॅम मोझरेला, ४० ग्रॅम पार्मेझान आणि दोन पाकळ्या लसूण. हेही १० ते १२ जणांना पुरेल. आर्टिचोक साध्या पाण्यातले घ्या. तेल-व्हिनेगरमध्ये मुरवलेले घेतलेत तर डिप आंबट आणि तेलकट होतं.

क्रीम चीज तासभर आधी बाहेर काढून मऊ होऊ द्या. थंड क्रीम चीज कितीही फेटलं तरी साबुदाण्याएवढ्या गाठी राहतात आणि त्या ओव्हनमध्येही विरघळत नाहीत. थोडं मोझरेला आणि पार्मेझान वरून भुरभुरायला बाजूला ठेवा, बाकी सगळं एकत्र करून २० सेंटिमीटरच्या पसरट भांड्यात घाला. १८० अंश सेल्सियसला २० ते २५ मिनिटं. कडेने बुडबुडे आले आणि वर सोनेरी ठिपके दिसले की काढा. जास्त वेळ ठेवलं की चीज फुटतं, तेल वर तरंगतं आणि खाली रबर राहतं. मीठ चाखल्याशिवाय घालू नका. दोन्ही चीज खारट असतात.

चीज स्वतः किसा. पाकिटातल्या किसलेल्या चीजला ते चिकटू नये म्हणून स्टार्च किंवा सेल्युलोज लावलेलं असतं आणि ते तितकं गुळगुळीत वितळत नाही. सावर क्रीमऐवजी चक्का वापरणार असाल तर त्यात एक छोटा चमचा कॉर्नफ्लोअर फेटून घ्या, नाही तर उष्णतेने तो फाटतो.

ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या भांड्यात अगदी मंद आचेवर क्रीम चीज वितळवा, पालक आणि आर्टिचोक घाला, गरम झालं की गॅस बंद करा आणि मगच किसलेलं चीज मिसळा. वरचा खरपूस थर मिळणार नाही, पण चव तीच.

टेबलावर कसं मांडायचं

पोकळ केलेल्या गोल ब्रेडमध्ये डिप भरून ठेवलं की टेबल सजतं, यात वाद नाही. ब्रेड जाड सालीचा, शक्यतो आदल्या दिवशीचा घ्या. वरची टोपी कापा, आतला मऊ भाग हाताने उपसा आणि कडेला दोन सेंटिमीटर जाडीची भिंत राहू द्या. भिंत पातळ झाली तर तासाभरात बूड ओलं होऊन डिप टेबलक्लॉथवर उतरतं. डिप भरायचं ते पाहुणे आल्यावर, आधी नाही. उपसलेल्या ब्रेडचे तुकडे १६० अंशावर १० मिनिटं कडक भाजून भोवती मांडा. शेवटी शेवटी लोक वाटीच तोडून खायला लागतात, आणि मला विचाराल तर डिपमध्ये मुरलेली ती भिंत चिप्सपेक्षा चांगली लागते.

बुडवायला काय? जाड चिप्स, भाजलेले ब्रेडचे काप, क्रॅकर्स आणि भाज्या. बटाट्याच्या पातळ चिप्स मोडतात आणि बाऊलमध्ये तुकड्यांचं स्मशान होतं. भाज्यांमध्ये गाजर, काकडी, सिमला मिरची आणि सेलरीच्या बोटाएवढ्या काड्या करा. ब्रोकोलीचे तुरे मात्र ३० सेकंद उकळत्या पाण्यातून काढून गार करा. कच्चे चावताना कोरडे लागतात. गाजर आणि सेलरी सकाळी चिरून थंड पाण्यात ठेवली तर संध्याकाळपर्यंत कडक राहतात, पण वाढण्याआधी पुसून घ्या.

एका मोठ्या बाऊलऐवजी दोन लहान बाऊल करून टेबलाच्या दोन टोकांना ठेवा. गर्दी फुटते. शिवाय एक बाहेर असताना दुसरा फ्रीजमध्ये ठेवता येतो, आणि तेच जास्त महत्त्वाचं आहे. दूध आणि अंड्याचे पदार्थ खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत. बाहेर ३२ अंशांच्या वर उकाडा असेल तर एकच तास. बाऊल बर्फाने भरलेल्या मोठ्या ताटलीत बसवला तर डिप जास्त वेळ गार राहतं, फक्त वितळलेलं पाणी आत शिरणार नाही एवढं बघा. गरम डिप ६० अंशांच्या वर राहायला हवं. स्लो कुकर असेल तर वॉर्मवर ठेवा.

एकदा चावलेली चिप परत बुडवणारे प्रत्येक पार्टीत असतात. त्यांना बोलून काही होत नाही. बाऊलशेजारी वाढायचा मोठा चमचा आणि छोट्या ताटल्यांची चवड ठेवा. पहिल्या दोघांनी ताटलीत वाढून घेतलं की बाकीचे तसंच करतात. ते पहिले दोघे घरचेच असतील अशी सोय करा.

आणि एक चिठ्ठी लिहून लावा: यात दूध आहे, मेयोनीजमध्ये अंडं आहे किंवा नाही, ब्रेड आणि सूपच्या पाकिटात गहू असू शकतो. शाकाहारी पाहुणे असतील तर पार्मेझानच्या वेष्टनावरचं बारीक लिखाण वाचा. पारंपरिक पार्मेझान वासराच्या पोटातल्या रेनेटने, म्हणजे दूध साकळवणाऱ्या द्रव्याने, केलेलं असतं. शाकाहारी रेनेटची चीजही मिळतात, ती घ्या.

ऐनवेळी बिघडलं तर

पाणी सुटलंच, तर ढवळू नका. बाऊल एका बाजूला कलंडवून पाणी नॅपकिनने टिपून घ्या, मग दोन चमचे क्रीम चीज घालून हलक्या हाताने कालवा. ब्रेडचा चुरा घालूनही घट्ट होतं, पण चव पिठाळ होते. मी तो शेवटचा उपाय मानतो.

खारट झालं तर चक्का वाढवा. सपक लागत असेल तर आधी चिमूटभर मीठ, तरीही सपक असेल तर लिंबू. लोक या दोन्हींच्या आधी लसूण वाढवतात आणि सगळं हाताबाहेर जातं. गरम डिपमध्ये तेल सुटलं असेल तर वरचं तेल टिपा, आचेवरून खाली घेऊन दोन चमचे गरम दूध घाला आणि जोरात ढवळा. पूर्ण जमतं असं नाही, पण लोकांसमोर ठेवण्याजोगं होतं.

टेबलावर दोन तासांहून जास्त राहिलेलं डिप टाकून द्या, कितीही जीव तुटला तरी. फ्रीजमध्ये ठेवलेला दुसरा बाऊल ३-४ दिवस चांगला राहतो. फ्रीझरमध्ये ठेवू नका; वितळल्यावर मेयोनीज आणि दही फुटून पुन्हा तेच तळं तयार होतं. उरलेलं डिप सकाळी ब्रेडवर जाड थापून, वर थोडं चीज किसून तव्यावर झाकण ठेवून भाजा. मी हल्ली यासाठी वाटीभर डिप पार्टीच्या आधीच काढून फ्रीजच्या मागच्या कप्प्यात लपवून ठेवतो.